एस.जी.च्या भावात ग्रे बीड : हार्डनेसच्या आकड्यावर माल उतरवून घेऊ नका

ऑर्डर असते एस.जी. (स्फेरॉइडल ग्रॅफाइट, म्हणजे गोळ्यांच्या ग्रॅफाइटचं बीड) ५००/७ ची; पहिला आकडा ताकदीचा (एमपीए), दुसरा तुटण्याआधी किती टक्के लांबतं त्याचा. मालासोबत सर्टिफिकेट येतं: कार्बन ३.६, सिलिकॉन २.४ टक्के, हार्डनेस १९० बीएचएन (ब्रिनेल नंबर). मशीनिंग होतं, ब्रॅकेट बसतं आणि पहिल्याच दणक्याला कान तुटतो. तुटलेली बाजू काळपट, बोट फिरवलं की काजळी लागते. ते ग्रे बीड असतं. एस.जी. तुटलं तर पोलादासारखं चकाकतं.

फसवणूक पचते ती हार्डनेसमुळे. एफजी २६० या ग्रेडचं ग्रेसुद्धा १९० दाखवतं आणि कार्बन-सिलिकॉनही जवळपास जुळतं. फरक ग्रॅफाइटच्या आकाराचा आहे. ग्रेमध्ये त्याच्या पापड्या असतात, पापडीच्या टोकापासून तडा सुरू होतो. एस.जी.मध्ये गोळ्या असतात आणि त्यासाठी साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम उरावं लागतं. (ग्रे वाईट नव्हे, लेथच्या बेडला तेच हवं, कंपनं तेच जिरवतं.) मॅग्नेशियम, इलाँगेशन (तुटण्याआधीची लांबण) आणि मायक्रोचा (सूक्ष्मदर्शकाखालच्या रचनेचा) फोटो नसलेलं सर्टिफिकेट परत पाठवा.

दुसरा प्रकार पकडायला अवघड. ट्रीटमेंटनंतर (वितळलेल्या धातूत मॅग्नेशियम मिसळल्यावर) मॅग्नेशियम मिनिटामिनिटाला उडत जातं, म्हणून लॅडल (धातू ओतायची बादली) दहा-बारा मिनिटांत रिकामी करतात. टेस्ट बार मात्र पहिल्या ताज्या धातूचा ओतला जातो आणि झकास पास होतो. शेवटच्या पेट्यांत (साच्यांत) ग्रॅफाइटच्या अर्ध्या गोळ्या, अर्ध्या अळ्या. कागद खरा, पण तुमच्या पार्टचा नाही. म्हणून ऑर्डरमध्येच लिहा: आयएस १८६५, ग्रेड, प्रत्यक्ष कास्टिंगमध्ये किमान ८५ टक्के नोड्युलॅरिटी (गोळ्यांच्या ग्रॅफाइटचं प्रमाण), लॅडलच्या शेवटच्या पेटीतला नमुना, प्रत्येक नगावर हीट नंबर (तो कोणत्या वितळणीतला ते सांगणारा).

४००/१५ मागितल्यावर ५००/७ देणारेही आहेत. तिथे मात्र हार्डनेस कामी येतो: १८० च्या वर गेला तर शंका घ्या.

माल उतरवताना नग टांगून हातोडीने वाजवा. एस.जी. खणखणतं, ग्रे बद्द वाजतं. त्याच आकाराचा खात्रीचा नग शेजारी हवा, कारण तडा गेलेलं एस.जी.ही बद्दच वाजतं. मग अल्ट्रासोनिक थिकनेस गेज एस.जी.मधल्या ध्वनीच्या वेगावर, म्हणजे ५६०० मीटर प्रति सेकंदावर लावा आणि समांतर, साफ पृष्ठांवर मोजा. ग्रेमध्ये ध्वनी हळू जातो, म्हणून जाडी जास्त दिसते. व्हर्नियरने २० मिमी भरणारी जाडी गेजवर २३-२४ दिसली, तर तो नग कापून मायक्रो बघितल्याशिवाय बिल पास करू नका.