बेटावरचा घोडा की शर्यतीतला?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात सुट्टीत भाचरं जमली, की एक सिनेमा ठरलेला. यंदा घोड्याचा हवा, कारण फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंचा अश्वारूढ पुतळा पाहून आल्यापासून धाकटीला दुसरं काही सुचत नाही.

‘नॅशनल व्हेल्व्हेट’ (1944) की ‘द ब्लॅक स्टॅलियन’ (1979)? मिकी रूनी दोन्हींत आहे: पहिल्यात तरुण, दुसऱ्यात म्हातारा प्रशिक्षक.

मी दुसरा निवडेन. जहाज बुडतं, मुलगा आणि काळा अरबी घोडा निर्जन बेटावर उरतात, आणि मग कितीतरी वेळ संवादच नाहीत. घरात मराठी, शाळेत हिंदी बोलणाऱ्या आमच्या मुलांना इंग्रजीची अडचण इथे येतच नाही. बुजरा घोडा मुलाच्या हातून पहिल्यांदा खातो, तेव्हा खोलीत कुणी हलत नाही. कॅलेब डेशनेलचं छायाचित्रण मोठ्या पडद्यावरच पाहावं. मात्र आग, बुडणारं जहाज आणि वडिलांचा मृत्यू सुरुवातीलाच येतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला जवळ घेऊन बसा.

‘व्हेल्व्हेट’मध्ये बोलणं भरपूर, म्हणून शेजारी बसून सांगावं लागतं. पण बारा वर्षांची एलिझाबेथ टेलर मुलाच्या वेशात ग्रँड नॅशनल शर्यतीत उतरते, आणि इंग्लिश खाडी पोहलेली तिची आई स्वतःचं जपून ठेवलेलं बक्षीस लेकीच्या हाती देते. त्या आईसाठी ॲन रिव्हिअरला ऑस्कर मिळालं. धाकटी दहाची झाली की तिला हाच दाखवणार.