लक्षद्वीपचं परमिट हातात आल्याशिवाय एजंटला पूर्ण पैसे देऊ नका

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले आणि तिथल्या निळ्या पाण्याचे फोटो आमच्या लातूरकडेही घराघरांत फिरले. समुद्र म्हटलं की गणपतीपुळे नाहीतर गोवा एवढंच ठाऊक असलेली माणसं अगत्ती, बंगाराम अशी तिथल्या बेटांची नावं घेऊ लागली. त्यापाठोपाठ ‘लक्षद्वीप स्पेशल’चे फलक लागले. असाच एक फलक लावलेल्या गाळ्यात आमच्या घरचे पैसे गेले. कसे गेले ते सविस्तर सांगते, कारण हीच पद्धत दुसऱ्या गावातही चाललेली असणार.

दादा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून सगळ्या घराला एकदा लांब कुठेतरी न्यायचं त्यांच्या मनात होतं. एजंट तालुक्यातलाच, ओळखीतून आलेला. बोलायला अतिशय गोड. ‘सर, घरचंच पोरगं समजा मला, तुम्ही फक्त बॅगा भरा.’ माणशी ३२,००० रुपये, त्यात कोचीहून जहाज, बेटावर राहणं, जेवण, सगळं. शिवाय माणशी ३,५०० ‘परमिट सेटिंग’चे.

या परमिटवरच सगळा खेळ होता. लक्षद्वीप भारतातच आहे, पासपोर्ट लागत नाही, पण तिथे पाय ठेवायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो. ही अट १९६७ च्या नियमांपासूनची आहे आणि कोचीच्या माणसालाही ती चुकत नाही. बेटं ३६, सगळी मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, त्यात वस्तीची १०. मूळ रहिवासी जवळजवळ सगळे अनुसूचित जमातीत मोडतात. म्हणून कोण येतं, कोणत्या बेटावर उतरतं याची तिथलं प्रशासन नोंद ठेवतं. अर्ज प्रशासनाच्या ई-परमिटच्या संकेतस्थळावर करता येतो आणि परवाना ज्याच्या त्याच्या नावाने निघतो. ‘सेटिंग’ नावाची वस्तू यात कुठेच बसत नाही. पोलीस पडताळणीचा दाखला मागतात असं वाचल्याचं दादांनी त्याला विचारलंही होतं. त्यावर उत्तर मिळालं, ‘ते सगळं माझ्याकडे. कवरत्तीत आपला माणूस बसलाय.’ कवरत्ती म्हणजे लक्षद्वीपची राजधानी.

पैसे हप्त्याहप्त्याने घेतले. आधी बुकिंगचे, मग ‘जहाजाचं तिकीट लॉक करायला’, मग परमिटचे. प्रत्येक वेळी ‘आज नाही भरले तर सीट जाईल’ ही घाई. पावती साध्या कागदावर, शिक्का होता, जीएसटी क्रमांक नव्हता. यूपीआय केलं की पडद्यावर भलत्याच बाईचं नाव यायचं. ती त्याची मेहुणी, हे पुढे पोलीस ठाण्यात कळलं.

परमिट कधी आलं, तर आमची कन्याकुमारी गाडी सोलापूर सोडून वाडीच्या पुढे गेल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर. ही वेळ त्याने मुद्दाम निवडली होती असं माझं ठाम मत आहे. धावत्या गाडीतून कोण परत फिरतं? पुतणीने फोन आडवा धरून कागद मोठा करून पाहिला. अशोकस्तंभ पुसट, कडेला दुसऱ्या कागदातून कापून चिकटवल्याची पांढरी चौकट. वहिनींच्या नावापुढे ‘पुरुष’. आणि सगळ्यांच्या परमिटवर एकच क्रमांक. त्याला फोन लावला तर म्हणाला, ‘ग्रुप परमिट आहे ताई, असंच असतं.’

कोचीत विलिंग्डन आयलंडवरच्या लक्षद्वीप प्रशासनाच्या कार्यालयात खिडकीतल्या गृहस्थांनी तो क्रमांक घालून पाहिला. अशी नोंदच नव्हती. तिकिटंही नव्हती. वर त्यांनी जे सांगितलं त्याने आई तिथेच बाकावर बसली. मे महिना संपत आला होता, आणि पर्यटकांच्या जहाज सहली साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. पावसाळी वारे सुरू झाले की समुद्र खवळतो. आपल्याकडे शाळांना सुट्टी असते ती नेमकी तेव्हाच, आणि या माणसाने तेच हेरलं होतं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, ‘वादळामुळे जहाज रद्द, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करतो.’ पुढचा महिना म्हणजे जून. त्यानंतर फोन बंद.

त्याने दिलेला कार्यक्रमाचा कागद मी नंतर ओळ न् ओळ तपासला. वर लिहिलं होतं ‘समुद्रम् पॅकेज’ आणि खाली ‘बीच व्ह्यू रूम’. समुद्रम् ही लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची सहल. तीत दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी बेटं दाखवतात आणि रात्री मुक्काम जहाजावरच असतो. मग खोली कुठून येणार? पाण्यावर उभ्या असलेल्या लाकडी घरांचे फोटो तर मालदीवचे निघाले.

सगळ्यात जास्त राग मला एका गोष्टीचा येतो. वहिनींना त्याने सांगितलं होतं, ‘तिथून पोवळं आणा, अंगठीला होईल, किनाऱ्यावर पडलेलं असतं.’ अंगठीतलं लाल पोवळं तिथलं नव्हेच. तिथलं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. पिशवीत एक तुकडा सापडला तरी तुरुंगाची वेळ. पैसे बुडवले ते बुडवलेच, पण या माणसाने साध्या घरच्या बाईला गुन्हेगार करायचीही तयारी ठेवली होती.

खरंच जायचं असेल तर ऑक्टोबर ते एप्रिल धरा. वाट कोचीवरूनच काढा. जहाजाला बेटानुसार साधारण १४ ते १८ तास लागतात, विमान दीडेक तासात अगत्तीला उतरवतं. परवाना आधी, तोही कोणकोणत्या बेटांसाठी आहे ते वाचून, मगच रेल्वेचं आरक्षण. एजंटकडून करणार असाल तर अर्जाचा क्रमांक मागून घ्या, संकेतस्थळावर स्वतः पाहा आणि पैसे फर्मच्या चालू खात्यातच भरा.

पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ती गोठवता येते. आमचा शेवटचा हप्ता असाच अडकला आणि परत मिळाला, आधीचे गेले. ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवू लागले तर खोट्या परमिटची प्रत पुढे ठेवा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार लिहून घ्यायला लावा. आम्हाला त्यासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागले. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. आमची तक्रार दाखल झाली आहे. त्या गाळ्याला आता दुसऱ्याचं कुलूप आहे, पण त्याच्याकडे पैसे भरलेली आणखी कुटुंबं आहेत. त्यांनी पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं काहीही न पुसता जपून ठेवावं आणि आपापली तक्रार स्वतंत्र दाखल करावी.