शंट का हॉल सेन्सर? सर्व्हरच्या पॉवर सप्लायला काय लावायचं

कुपवाड एमआयडीसीत आमच्या शेजारच्या गाळ्यातला पोरगा सर्व्हरचा जुना १२ व्होल्ट, १२०० वॅटचा पॉवर सप्लाय घेऊन आला, म्हणाला दादा, आउटपुटचा करंट बघायचाय, शंट लावू का हॉल सेन्सर? शंट म्हणजे करंटच्या वाटेत घातलेला अगदी छोटा रेझिस्टर, त्याच्यावरच्या व्होल्टेजवरून करंट कळतो; हॉल सेन्सर करंटच्या मॅग्नेटिक फील्डवरून करंट सांगतो.

आता फुल लोडला १०० अँपियर. अर्ध्या मिलिओहमचा शंट टाकला तर ५० मिलिव्होल्ट मिळतात, पण ५ वॅट नुसते तापण्यात जातात, आणि पाव मिलिओहम घेतला तर अडीच वॅटवर भागतं पण सिग्नलही २५ मिलिव्होल्टच, मग सिग्नल मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचा ऑफसेट (इनपुट शून्य असतानाची त्याची छोटी चूक) नडतो. हॉलचं इथं बरंय, एसीएस ७५८ सारख्या हॉल चिपमध्ये करंटच्या वाटेचा रेझिस्टन्स ०.१ मिलिओहम, म्हणजे १०० अँपियरला १ वॅट, वर आयसोलेशन (करंटची लाइन आणि मोजणारं सर्किट यांत विजेची जोड नाही) आयतं.

पण अचूकपणा? हॉल सेन्सर गरम झाला की त्याचा झिरो (करंट नसतानाचं रीडिंग) सरकतो, शेजारून जाड बसबार (करंट नेणारी धातूची पट्टी) गेला की त्याचं मॅग्नेटिक फील्डपण रीडिंगमध्ये घुसतं, दोन-तीन अँपियरला तर भरवसाच नाही. शंट इथं सरळ माणूस, फक्त जोडणी नीट पाहिजे. ह्या पठ्ठ्यानं सेन्सच्या (शंटवरचं व्होल्टेज मोजायच्या) वायरी जाड केबलच्याच सोल्डरवर मारलेल्या, अरे भावा, सोल्डरचा रेझिस्टन्स पण मोजतोयस की! त्या आतल्या बाजूनं, थेट शंटच्या पट्टीवरून घ्यायच्या.

खर्चात शंट स्वस्त, अँप्लिफायर धरूनसुद्धा.

दोन सप्लायमध्ये लोड सारखा वाटून द्यायचा असेल, कमी करंटपण नीट दिसायला हवा असेल तर शंटच. नुसतं ओव्हरलोडला ट्रिप करायचं असेल, किंवा मोजणारं सर्किट वेगळ्या ग्राउंडवर असेल तर हॉल. पोराला बॅटरी चार्ज करायच्यात, तिथं शेवटी करंट कमी होत जातो आणि तोही नीट दिसायला हवा, म्हणून त्याला मी शंट दिला.