पोर्टमार्नॉक: सप्टेंबर ते जून राहून आल्यावर

डब्लिनला नोकरी लागली की नागपूरची मंडळी आधी विचारतात, "घर कुठे बघायचं?" मी पोर्टमार्नॉक सांगतो. कारण विचाराल तर तिथली वाळू.

शहराच्या उत्तरेला, समुद्राला लागून हे गाव आहे. किनाऱ्याचं नाव व्हेल्व्हेट स्ट्रँड. आपण विदर्भातली माणसं. समुद्र बघितला तो कोकणातल्या सुट्टीत, पाय रुतवत. इथे ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि मागे राहिलेली ओली वाळू इतकी टणक असते की बुटाचा ठसाही जेमतेम उमटतो. एप्रिलमध्ये आई आली होती. अंबाझरी बागेत एक फेरी झाली की गुडघे धरून बाकावर बसणारी आई इथे रोज माझ्यासोबत तासभर चालायची. मला तर यापुढे काही सांगायचीही गरज वाटत नाही.

या टणक वाळूचा इतिहासही मोठा आहे. 24 जून 1930 ला ऑस्ट्रेलियन वैमानिक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ यांचं 'सदर्न क्रॉस' विमान इथूनच अटलांटिकपलीकडच्या न्यूफाउंडलंड बेटाकडे झेपावलं. अटलांटिक ओलांडण्याएवढं इंधन भरलेलं जड विमान उचलायला लांब, सपाट, कडक जमीन लागते; ती ओहोटीने आयती दिली. दोनच वर्षांनी, 1932 मध्ये, जिम मॉलिसन इथूनच निघाले आणि पूर्वेकडून पश्चिमेला एकट्याने अटलांटिक पार करणारे पहिले वैमानिक ठरले.

गोल्फ मी खेळत नाही, पण गावाची ओळखच ती. 1894 सालचा पोर्टमार्नॉक गोल्फ क्लब समुद्र आणि बाल्डॉइलची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जमिनीवर आहे. अशा मैदानाला 'लिंक्स' म्हणतात: वाळूच्या टेकड्या, आखूड गवत, झाडं जवळपास नाहीतच. खाली वाळू असल्याने पाणी चटकन झिरपतं, आणि खरी झुंज वाऱ्याशी असते. आयरिश ओपन ही गोल्फ स्पर्धा इथे अनेकदा झाली आहे. बायकांना सदस्य करून घ्यायचा निर्णय मात्र क्लबने थेट 2021 मध्ये घेतला, हे मला फार खटकलं.

आता त्रासाचं. डिसेंबरात चार वाजून गेले की लगेच सूर्य मावळतो. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, चांगलं जॅकेटच घ्या. भाडं खिशाला जड. तूरडाळ, पोहे शहरातून आणावे लागायचे. डार्ट लोकलने शहर जवळ आहे, पण स्टेशन किनाऱ्यापासून बरंच आत. जूनमध्ये मात्र रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो. नागपुरात कूलरसमोर बसून हे लिहिताना त्याची फार आठवण येते.

घर बघायला शक्यतो नोव्हेंबरात जा, आणि स्टेशनपासून घरापर्यंत एकदा चालून बघा. भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर ठेवा. भरतीला फिरायला वाळू कमी उरते.