रेडिओलॉजी टेक्निशियनचा झटपट कोर्स: फसवणूक नेमकी कुठं होते

एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय टेक्निशियन व्हायचं म्हणून जे कोर्स शोधत आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. ज्या संस्थेनं मला फसवलं तिचं नाव इथं देत नाही, कारण तक्रार दिलेली आहे आणि निकाल लागायचा आहे. शिवाय नाव कळून फारसा उपयोग नाही. एक पाटी उतरली की दुसरी लागते, पद्धत मात्र तीच राहते. ती पद्धत ओळखता आली पाहिजे.

जाहिरातीत असं होतं: सहा महिन्यांत रेडिओलॉजी टेक्नॉलॉजिस्ट, एक्स-रे, सीटी, एमआरआय, सोनोग्राफी आणि कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी आणि उपचार होतात तो विभाग) एकाच कोर्समध्ये, शंभर टक्के नोकरी, परदेशात प्रचंड मागणी.

यातली मागणी खरी आहे, आणि म्हणूनच लोक अडकतात. हाड मोडलेलं असो, पक्षाघात असो की बरा न होणारा खोकला, निदानाची वाट बहुतेक वेळा इमेजिंग विभागातून जाते. जर्मन शास्त्रज्ञ रोंटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण सापडले, १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचं सीटी स्कॅन झालं, पुढं एमआरआय आलं, आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर ते जाणकारीनं चालवणारी माणसं लागली. विज्ञानाची ओढ आहे, रुग्णांमध्ये काम करायचं आहे, पण डॉक्टरकीचं लांबलचक शिक्षण शक्य नाही, अशांसाठी हा पेशा खरोखर चांगला आहे. मला तो आजही आवडतो. राग आहे तो या आवडीचा व्यापार करणाऱ्यांवर.

खोटं होतं ते "सहा महिने" आणि "सगळं एकत्र" या दोन गोष्टींत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बटण दाबायचं आणि फोटो काढायचा. प्रत्यक्षात साध्या छातीच्या एक्स-रेतसुद्धा किती गोष्टी सांभाळाव्या लागतात! शक्यतो रुग्णाची छाती चित्र टिपणाऱ्या डिटेक्टरकडे आणि पाठ किरण सोडणाऱ्या नळीकडे हवी, म्हणजे हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसत नाही. नळी साधारण १८० सेंटीमीटरवर. खांदे पुढं वळवलेले, नाहीतर खांद्याची पाती फुप्फुसांवर येतात. श्वास पूर्ण आत घेऊन धरलेला. किलोव्होल्टवर किरणांची भेदकता ठरते, मिलीअँपिअर-सेकंदावर त्यांचं प्रमाण. हे सगळं धाप लागलेल्या, घाबरलेल्या, उभंही राहता न येणाऱ्या माणसाकडून सांभाळून घ्यायचं असतं. एक्स-रे चुकला तर तो पुन्हा काढावा लागतो, म्हणजे त्या रुग्णाला विनाकारण दुसऱ्यांदा किरण सोसावे लागतात.

सीटी शिकायचं तर त्याहून पुढचं लागतं. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात रक्तवाहिन्या आणि अवयव उठून दिसावेत म्हणून टोचायचं द्रव्य, देण्याआधी मूत्रपिंडं कशी आहेत, पूर्वी ॲलर्जी झाली होती का, हे विचारावं लागतं, आणि इंजेक्शननंतर रुग्णाचा श्वास अडकायला लागला तर पहिल्या मिनिटात काय करायचं हे अंगवळणी पडलेलं असावं लागतं. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण तिथलं चुंबक स्कॅन चालू नसतानाही जागं असतं. दीड टेस्लाचं यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट जोर. २००१ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका इस्पितळात एमआरआयच्या खोलीत नेलेला ऑक्सिजनचा सिलिंडर यंत्रानं खेचून घेतला आणि आत झोपलेला सहा वर्षांचा मुलगा त्यात दगावला. या खोलीच्या दारात उभं राहून कोणाला, काय घेऊन आत सोडायचं हे टेक्निशियन ठरवतो. ही जबाबदारी व्हिडिओ पाहून शिकता येत नाही.

प्रवेश घेण्याआधी मी मान्यतेबद्दल विचारलं होतं. त्यांच्याकडे उत्तरं तयार होती. भिंतीवर आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाजाच्या व्यवस्थापनाबद्दल असतं. तिथं शिकून तुम्ही रेडिओग्राफर होता की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. शेजारी एका "आंतरराष्ट्रीय मान्यता परिषदेचं" पत्र होतं, सोनेरी शिक्क्याचं. त्या परिषदेच्या वेबसाइटवरचा संपर्क क्रमांक आणि संस्थेच्या माहितीपत्रकावरचा क्रमांक एकच आहे, हे आमच्या बॅचमधल्या एका मुलानं नंतर शोधून काढलं. म्हणजे मान्यता देणारे हेच आणि घेणारेही हेच. "आम्ही स्वायत्त आहोत" असंही वारंवार सांगितलं जायचं. ऐकायला ते मोठं वाटतं, पण परवाना देणारी यंत्रणा अशा शब्दाकडे बघतही नाही.

मूळ गुणपत्रिका "पडताळणीसाठी" म्हणून ठेवून घेतल्या गेल्या. हा त्यांच्या सापळ्यातला सगळ्यात पक्का खिळा होता, त्याबद्दल शेवटी लिहिते.

वर्गात जुन्या फिल्म लावलेला एक व्ह्यूबॉक्स, म्हणजे मागून उजेड पाडून फिल्म बघायची पेटी, होता आणि कोपऱ्यात चाकांवरचं एक पोर्टेबल एक्स-रे यंत्र. त्यात नळीच नव्हती. शिकवणाऱ्या सरांनी शरीररचना बरी शिकवली, हे मान्य करते. ते प्रामाणिक होते आणि काही आठवड्यांतच सोडून गेले. त्यानंतर मोबाइलवर नोट्स यायच्या. प्रश्न विचारला की "ते इंटर्नशिपमध्ये कळेल" एवढंच उत्तर.

इंटर्नशिपबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण पैशाच्या पलीकडचं नुकसान तिथं होतं. आम्हाला एका खासगी तपासणी केंद्रात पाठवलं गेलं. तिथं शिकवणारं कोणी नव्हतं. एकच टेक्निशियन, बाहेर रांग, आणि आम्ही म्हणजे फुकटचे हात. रुग्णांना टेबलावर चढवणं, नोंदी, फिल्मची पाकिटं. लहान मूल रडत असलं, की त्याला धरून उभं राहायला आमच्यातल्याच कोणाला तरी सांगायचे, आणि ते पुन्हा पुन्हा. किरण अडवणारा शिशाचा ॲप्रन एकच होता. तो कधी मिळायचा, कधी नाही. आमच्यापैकी एकाकडेही डोसिमीटर नव्हता, म्हणजे किती किरण लागले ते मोजणारा, किरणांच्या क्षेत्रात काम करणाऱ्यानं छातीवर लावायचा तो बॅज. मागितला तर म्हणाले, "तुम्ही स्टाफ नाही, तुम्हाला लागत नाही."

हे साफ चुकीचं आहे. शिकणाऱ्यालाही मोजमाप लागतं. रुग्णाला धरून ठेवायचं काम एकाच माणसावर पुन्हा पुन्हा टाकायचं नसतं. आधी पट्टे, वाळूच्या पिशव्या यांसारखी साधनं वापरायची, आणि धरावंच लागलं तर ॲप्रन घातलेल्या नातेवाइकानं, थेट किरणांच्या वाटेबाहेर राहून. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या शिफारशीनुसार या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचं, म्हणजे डोसचं, माप), आणि कोणत्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. सर्वसामान्य माणसासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. वाचणाऱ्यांना घाबरवायचा माझा हेतू नाही. साध्या एक्स-रेच्या वेळी आजूबाजूला विखुरणारे किरण थोडे असतात, आणि अंतर दुप्पट केलं की ते जवळपास चौथ्या हिश्शावर येतात. आम्हाला मिळालेला डोस बहुधा कमीच असेल. पण तो "बहुधा" आहे. आकडा कुठंच नाही आणि आता कधी मिळणारही नाही. हे नियम उगाच आलेले नाहीत. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांवर काम करणारा क्लॅरन्स डॅली आधी हात गमावून १९०४ मध्ये गेला, आणि अशा सुरुवातीच्या काळात बळी गेलेल्यांच्या नावांचं स्मारक १९३६ पासून हॅम्बुर्गमध्ये उभं आहे. त्यानंतर एवढ्या वर्षांनी एखाद्या मुलीला बॅजशिवाय त्या खोलीत उभं करणं हा गुन्हाच म्हणायला हवा.

प्रमाणपत्र मिळालं. "शंभर टक्के नोकरी" म्हणजे काही केंद्रांच्या नावांची यादी निघाली, आणि त्यातल्या बहुतेकांना आमच्या संस्थेचं नावही माहीत नव्हतं. मी स्वतःच एका मोठ्या इस्पितळात अर्ज केला. तिथल्या विभागप्रमुख बाई शांत स्वभावाच्या होत्या. प्रमाणपत्र त्यांनी बाजूला ठेवलं आणि तीन गोष्टी मागितल्या: कोणाच्या देखरेखीखाली किती प्रकारच्या तपासण्या केल्या त्याची सहीनिशी नोंदवही, डोसचा अहवाल, आणि नोंदणी क्रमांक. माझ्याकडे तिन्हीपैकी एकही नव्हतं. त्या म्हणाल्या, "बाळ, तुला मी घेतलं तर माझ्या विभागाचा परवाना अडचणीत येईल. तुझ्या हुशारीचा इथं प्रश्नच नाही." संस्थेचं नाव त्यांनी माझ्यासमोरच नियामकाच्या यादीत शोधलं. नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते इथं देते, कारण जाहिरातीत हे कधीच नसतं. या पेशाची दारं प्रत्येक देशात नियामकाच्या हातात असतात, कोर्स विकणाऱ्याच्या नाही. अमेरिकेत रेडिओलॉजी टेक्नॉलॉजिस्टना प्रमाणित करणारी एआरआरटी ही संस्था १९२२ पासून आहे. तिच्या मूळ रेडिओग्राफी परीक्षेला बसायला मान्यताप्राप्त शिक्षणक्रम, प्रत्यक्ष रुग्णांवर सिद्ध केलेलं कौशल्य आणि २०१५ पासून किमान असोसिएट पदवी (साधारण दोन वर्षांची कॉलेजची पदवी) लागते. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक परिषदेकडे नोंदणी नसेल तर स्वतःला रेडिओग्राफर म्हणवणंच बेकायदा आहे, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कोणीही उघडून पाहू शकतो. भारतात एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण आहे, आणि अशा आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा स्वतंत्र कायदा झाला. सोनोग्राफीचंही तसंच. अमेरिकेत सोनोग्राफर हा वेगळा पेशा आहे. भारतात गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरांशिवाय कोणी प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं अंगावर फिरवायचं उपकरण, हातात घेऊ शकत नाही. मग टेक्निशियनच्या कोर्समध्ये "सोनोग्राफी शिका" असं लिहिणाऱ्यानं हा फरक सांगितला नाही, तर तिथंच उठून यावं. परदेशाचंही तेच: तिथला नियामक तुमचा मूळ शिक्षणक्रम तपासतो, किती तास, कोणत्या इस्पितळात, कोणाच्या सहीनं. मूळच पोकळ असेल तर पुढं कितीही फी भरा, काही होत नाही.

म्हणून प्रवेशाआधी संस्थेत जाऊन यंत्र चालू स्थितीत पाहा. प्रशिक्षण कोणत्या इस्पितळात होणार ते लेखी घ्या आणि त्या इस्पितळाच्या रेडिओलॉजी विभागात स्वतः जाऊन विचारा, अशा संस्थेशी करार आहे का. डोसिमीटर बॅज पहिल्या दिवसापासून मिळणार का, हा एकच प्रश्न पुष्कळ काही उघड करतो. चांगल्या ठिकाणी त्याचं उत्तर लगेच आणि अभिमानानं मिळतं. मान्यता संस्थेच्या भिंतीवर वाचू नका. नियामकाच्या यादीत शोधा, आणि ती यादी स्वतः उघडा, त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून नाही.

जे आत्ता अशा कोर्समध्ये अडकले आहेत त्यांना कळकळीनं सांगते: फीचं भांडण आधी काढू नका. आमच्यातल्या ज्यांनी आधी आवाज चढवला, त्यांच्या गुणपत्रिका महिनोन् महिने "सापडत नव्हत्या", आणि तेवढ्यात चांगल्या ठिकाणच्या प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या. दुसरीकडे अर्ज करायचा आहे, एवढंच सांगा, मूळ कागद हातात घ्या, पावत्या, जाहिरातीचे फोटो आणि मेसेज जपून ठेवा, आणि मग ग्राहक आयोगाकडे (पूर्वीचा ग्राहक मंच) किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. माझी निम्मी फी अशीच परत मिळाली. आणि बॅजशिवाय किरणांच्या खोलीत उभं केलं गेलं असेल, तर कोणत्या तारखांना, कुठल्या केंद्रात, साधारण किती वेळ, कोणत्या यंत्राजवळ, हे आठवतंय तोवर लिहून काढा. त्याची एक प्रत नियामकाला पाठवा, एक स्वतःजवळ ठेवा, आणि पुढं मान्यताप्राप्त ठिकाणी प्रवेश मिळाला तर तिथल्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला ती पहिल्याच आठवड्यात दाखवा.