पहिली दुर्बीण, बेताच्या बजेटात: १३० मिमी टेबलटॉप डॉब्सोनियन आणि तिचे स्पर्धक

६० मिमीच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं दिसलं, तर ते खोकं परत फळीवर ठेवा. आकडा खोटा नसतो. ४ मिमीची आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि ३ पट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) लावली की गणित तिथपर्यंत जातं. पण भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण २ पट, इथेच उपयोग संपतो. म्हणजे ६० मिमीला १२०, ७० मिमीला १४०, १३० मिमीला २६०. त्यापुढे गुरू मोठा होतो खरा, पण धुरकट आणि काळवंडलेला. शिवाय वातावरण बहुतेक रात्री १५० ते २०० पटींच्या पुढे जाऊच देत नाही. तारे लुकलुकताहेत म्हणजे वरची हवा खवळलेली आहे. त्या रात्री ग्रहांचा नाद सोडून तारकागुच्छ पाहावेत.

खोक्यावर बघायचे ते दोनच आकडे: व्यास आणि नाभीय अंतर (भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जमते तिथवरचं अंतर). बारीक अक्षरांत ‘१३०/६५०’ किंवा ‘७०/७००’ असे लिहिलेले असतात. व्यास प्रकाश ठरवतो, तोही वर्गाच्या हिशेबाने, म्हणून १३० मिमीचा आरसा ७० मिमीच्या भिंगापेक्षा जवळजवळ साडेतीनपट प्रकाश गोळा करतो. नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्याने भागलं की पट मिळतात. बाकी सगळं, अगदी ‘प्रोफेशनल’ हा शब्दसुद्धा, रंगकाम.

कमी खर्चात पहिली दुर्बीण घ्यायची तर आमचं पहिलं मत १३०/६५० टेबलटॉप डॉब्सोनियनला. स्काय-वॉचरची हेरिटेज १३०पी हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला नमुना. डॉब्सोनियन म्हणजे काही वेगळी प्रकाशयोजना नव्हे. नळी साधी न्यूटनची, म्हणजे आरशाची, पण ती ट्रायपॉडऐवजी एका लाकडी फिरत्या बैठकीवर ठेवलेली. ही बैठक लोकप्रिय केली जॉन डॉब्सन यांनी. ते रामकृष्ण संघाच्या कॅलिफोर्नियातल्या मठात साधू होते आणि टाकाऊ काचा घासून आरसे बनवत. मठ सुटल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवू लागले. स्वस्त, अडाणी वाटणारी, पण न हलणारी बैठक ही त्यांची गरज होती. आज तीच तुमचीही आहे, कारण स्वस्त दुर्बिणींत पैसा वाचवतात तो बहुतेक वेळा स्टँडवर.

हेरिटेजचं वजन सहा किलोच्या आसपास. नळीचा पुढचा भाग दोन दांड्यांवर सरकून आत जातो, त्यामुळे ती कपाटाच्या खणात मावते. नावातला ‘पी’ महत्त्वाचा, कारण आरसा पॅराबोलिक (परवलयाकार) आहे. एफ/५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) सारख्या आखूड न्यूटनमध्ये आरशाची वक्रता चेंडूसारखी गोलाकार असेल तर कडेची आणि मधली किरणं एका जागी मिळत नाहीत आणि कितीही फोकस फिरवा, तारा टोकदार होत नाही. ७६/३०० किंवा ११४/५०० अशा छोट्या नळ्या घेताना आरसा पॅराबोलिक असल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. ७६/७०० किंवा ११४/९०० मध्ये मात्र गोलाकार आरसाही चालतो. तिथे वक्रता इतकी सौम्य असते की फरक पडत नाही.

आता हेरिटेजच्या खोड्या. पहिली फोकसरची, म्हणजे आयपीस पुढे-मागे करून प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या भागाची. तो बाटलीच्या झाकणासारखा आट्यांवर फिरतो आणि प्लास्टिकच्या आट्यांत ढिलाई असते. जड आयपीस लावली की तो एका बाजूला कलतो आणि फोकस करताना ग्रह नजरेसमोरून उडी मारतो. उपाय अगदी स्वस्त: नळाच्या सांध्याला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन-तीन वेढे द्या. जास्त दिली तर फोकसर फिरवायला घट्ट होतो आणि फिरवताना नळीच हलते. मग एक वेढा काढा.

दुसरी, उघडी नळी. आरशाच्या आणि फोकसरच्या मध्ये काहीच नसल्याने शेजारच्या खिडकीचा उजेड थेट आयपीसमध्ये शिरतो आणि आकाश राखाडी दिसतं. काळ्या फोमशीटचा किंवा जाड काळ्या कार्डपेपरचा पत्रा दांड्यांभोवती गुंडाळून वेल्क्रोने बांधा. कापड नको, ते आत झोळ घेतं आणि आरशाकडे येणारा प्रकाश अडवतं. हाच पत्रा पुढे थोडा वाढवला की पुढच्या छोट्या आरशावर दव कमी बसतं.

तिसरी गोष्ट खोड नाही, पण फसवते: ही टेबलावर ठेवायची दुर्बीण आहे. प्लास्टिकच्या टेबलावर ठेवली तर तिचा सगळा ठामपणा वाया जातो. तीन पायांचं जड लाकडी स्टूल सगळ्यात बरं, कारण तीन पाय कुठल्याही खडबडीत जमिनीवर टेकतात. कसोटी सोपी आहे. ७० पटींच्या आसपास एखादा तारा धरा आणि नळीला बोटाने टिचकी मारा. थरथर दोन-तीन सेकंदांत थांबली तर उत्तम. पाच सेकंदांहून जास्त चालली तर फोकस जमणारच नाही. कोणत्याही दुर्बिणीचा स्टँड असाच तपासावा, शक्यतो विकत घेण्याआधी.

सोबतच्या २५ आणि १० मिमीच्या आयपीस २६ आणि ६५ पट देतात. २५ची ठेवून द्यावी, कामाची आहे. तिच्यात जवळपास दोन अंशांचं आकाश मावतं, म्हणजे कृत्तिका पूर्ण दिसतात. १०ची जेमतेम. पहिली खरेदी ६ मिमी, ६६ अंशांची साधी आयपीस असावी: १०८ पट मिळतात, दिसणारं वर्तुळ रुंद मिळतं आणि डोळा भिंगाला चिकटवावा लागत नाही. मोटर नसल्याने पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह या वर्तुळातून सुमारे अडीच मिनिटांत बाहेर जातो. नळी हलकेच ढकलून त्याला पुन्हा आणायचं. दोन रात्रींत हात बसतो. चाळीस आयपीसची पेटी वगैरे घेण्याच्या भानगडीत पडू नका. आयपीसच्या बुडाचा व्यास सव्वा इंच आहे ना, एवढं बघा. ०.९६५ इंचाची, ‘एच’ किंवा ‘एसआर’ छापलेली आयपीस सोबत असेल तर बाकीची दुर्बीणही त्याच दर्जाची असणार.

आता कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं. नवीन माणूस याला घाबरतो आणि एफ/५ न्यूटन म्हणूनच टाळतो. खरं तर काम पाच मिनिटांचं आहे. नळी आडवी ठेवा, म्हणजे हातातून चावी निसटली तरी आरशावर पडणार नाही. आयपीसच्या जागी बरोबर मध्ये बारीक भोक पाडलेलं झाकण बसवा आणि त्या भोकातून बघा. पुढच्या छोट्या आरशात मोठ्या आरशाला धरणाऱ्या तिन्ही क्लिपा दिसायला हव्यात. एखादी लपली असेल तर छोट्या आरशामागचे तीन स्क्रू ॲलन चावीने फिरवा, एक ढिला तर दुसरा घट्ट, एका वेळी पाव फेरा. मग मागे या. मोठ्या आरशाच्या मध्यावर एक छोटी कडी चिकटवलेली असते. मागचे स्क्रू फिरवून झाकणातल्या भोकाचं प्रतिबिंब त्या कडीच्या आत आणा. शेवटची परीक्षा ध्रुवताऱ्यावर घ्या, कारण तो जागचा फारसा हलत नाही: मोठ्या पटींवर त्याला किंचित फोकसबाहेर काढा, कड्या एकाभोवती एक समान दिसल्या की झालं. त्या एका बाजूला दाटल्या असतील तर दुर्बिणीला दोष देण्याआधी ती बाहेर किती वेळ ठेवली आहे ते आठवा. गरम खोलीतून आणलेला आरसा अर्धा तास तरी निवायला लागतो. तोवर नळीत हवेच्या लाटा उठत राहतात.

लाल ठिपक्याचा फाइंडर (नळी ताऱ्यावर रोखायचं साधन) दिवसाउजेडी जुळवा: दूरच्या खांबाचं टोक २६ पटींत मधोमध आणायचं आणि मग ठिपका त्यावर. रात्री जुळवत बसलात तर तारा दर मिनिटाला सरकत असतो. आणि तो ठिपका बंद करायला विसरू नका. नाण्याएवढा सेल संपून जातो, म्हणून खिशात दुसरा असू द्या.

दिसतं काय? प्रतियुतीच्या सुमारास (आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना) गुरू ६५ पटींत साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राच्या दीडपट होतो. तरी पहिल्यांदा बघणारा ‘एवढासा?’ म्हणतोच, कारण ५० अंशांच्या काळ्या वर्तुळात तो एका अंशाहूनही लहान असतो. डोळा रुळू द्या. दोन तपकिरी पट्टे, चार चंद्र आणि स्थिर हवेत पट्ट्यांच्या कडांची खळबळ, सगळं हळूहळू उमटतं. शनीच्या कड्या २०२५ मध्ये आपल्याला धारेवर, म्हणजे कडेने, दिसल्या होत्या. त्या आता हळूहळू उघडताहेत आणि २०३२ पर्यंत उघडत जातील, त्यामुळे सुरुवातीला त्या अरुंद दिसल्या तर खोट दुर्बिणीत नाही. वसिष्ठ-अरुंधतीची जोडी साध्या डोळ्यांनीच दिसते. २६ पटींत त्यातला वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांत फुटतो. मृगातला तेजोमेघ शहरातूनही पंख पसरलेला दिसतो, पण फोटोतला गुलाबी रंग विसरा. कमी उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. शौरीतला गुच्छ एम १३ अंधाऱ्या आकाशात १०८ पटींवर कडेला दाणेदार होऊ लागतो. ७० मिमीत तो कापसाचा बोळाच राहतो. देवयानी दीर्घिका मात्र प्रकाशित शहरातून कुठल्याही छोट्या दुर्बिणीत राखाडी डाग एवढीच. चंद्र आणि ग्रहांना शहराच्या दिव्यांचं काही देणं-घेणं नाही.

७०/७०० किंवा ७०/९०० ची भिंगाची दुर्बीण मग कोणी घ्यावी? ज्याला कोलिमेशन अजिबात नको, ज्याच्याकडे बाल्कनीच आहे, आणि दिवसा दूरचा डोंगरही बघायचा आहे. चंद्रावर ती फार सुरेख चालते. हंस तारकासमूहाच्या चोचीतला जोडतारा, सोनेरी आणि निळसर, तिच्यात मन लावून बघावा असा. नाभीय अंतर व्यासाच्या दहापट किंवा जास्त असेल तर गुरूच्या कडेचा जांभळा फटकारा नगण्य राहतो. ७०/४०० च्या प्रवासी नळीत तो ठळक दिसतो. कमकुवत बाजू म्हणजे ट्रायपॉड. पाय पूर्ण न लांबवता खुर्चीवर बसून बघा आणि मधल्या ट्रेला दोन किलोचं वजन बांधा, बराच फरक पडतो.

एका प्रकारापासून मात्र लांबच राहा. व्यास ११४ किंवा १२७ मिमी, नाभीय अंतर १००० मिमी, आणि नळी मोजाल तर अर्ध्या मीटरच्या आसपास. न्यूटनच्या नळीची लांबी नाभीय अंतराएवढी असायला हवी. इथे ती निम्मी आहे, कारण फोकसरमध्ये एक दुरुस्ती-भिंग बसवून स्वस्त गोलाकार आरशाचं नाभीय अंतर वाढवलेलं असतं. त्या भिंगामुळे कोलिमेशनची साधनंही नीट चालत नाहीत. त्यावर अशक्त विषुववृत्तीय माउंट, जो ध्रुवाकडे जुळवावा लागतो आणि ज्याच्यावर न्यूटनची आयपीस कधी पोटाखाली तर कधी डोक्यावर जाते. दिसायला हीच दुर्बीण सगळ्यात ‘खरी’ वाटते, हेच दुर्दैव.

बजेट थोडं ताणता येत असेल तर १५०/१२०० ची जमिनीवरची डॉब्सोनियन. एफ/८ असल्याने कोलिमेशनमधली छोटी चूक ती सहन करते, साध्या आयपीसही तिच्यात चांगल्या चालतात, आणि ग्रहांवर ती १३० मिमीला सहज मागे टाकते. पण नळी सव्वा मीटरची आणि बैठकीसकट वजन पंधरा किलोंच्या घरात. जिना असेल तर आधी तेवढं वजन उचलून दोन मजले चढून बघा. ते जमत नसेल आणि टेबलटॉपचंही बजेट नसेल, तर १०×५० ची (१० पट, ५० मिमी भिंगांची) दुनळी, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या. वाईट दुर्बिणीपेक्षा ती शंभरपट बरी.

जुनी दुर्बीण घेताना आरशावर टॉर्च मारू नका, टॉर्चखाली नवाही आरसा घाणेरडा दिसतो. दिवसाच्या उजेडात तिरकं बघा. धूळ चालते, काळे ठिपके किंवा कडेने सोललेला लेप चालत नाही. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा सोडा. आणि जुन्या खोक्यात आयपीसला लावायचा छोटा गडद ‘सन’ फिल्टर सापडला तर तो फोडून कचऱ्यात टाका. सगळा एकवटलेला सूर्यप्रकाश त्याच्यावरच पडतो, तो तापून तडकतो, आणि पुढच्या क्षणी डोळा जातो. सूर्य बघायचा तर फिल्टर नळीच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणारा, वाऱ्याने उडणार नाही असा चिकटपट्टीने बसवलेला. दुर्बिणीला भिंगाचा फाइंडर असेल तर त्याचं झाकण लावलेलंच ठेवा.