बी६५०: परवाना मिळाला, रस्ता बोर्डाने बांधायचा

चिपसेट म्हणजे मदरबोर्डावरची जोडण्या सांभाळणारी चिप; प्रोसेसर ठरलेल्या वेगापुढे पळवायची, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची, परवानगी तिच्यावर ठरते. तिच्या बाबतीत मी दोनदा तोंडावर आपटले आहे. म्हणून तिसऱ्या खेपेला आठवडाभर नुसतं वाचत बसले आणि मगच एएमडीच्या बी६५० चिपसेटचा बोर्ड घेतला. आता वर्ष होत आलं. वर रायझन ५ ७६००, डीडीआर५-६००० रॅमच्या दोन स्टिका आणि एक साधा टॉवर कूलर. काम व्हिडिओ एक्सपोर्टचं. ते आटोपलं की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, खुडबुड.

पहिली आपटी २०११ ची. इंटेलचा कोअर आय५ २५००के घेतला. ‘के’ म्हणजे मल्टिप्लायर (मूळ घड्याळाच्या किती पट वेगाने प्रोसेसर पळतो तो आकडा) मोकळा. पण ग्राफिक्स कार्ड नव्हतं आणि पी६७ चिपसेटवर प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सचा डिस्प्ले मिळत नसे, म्हणून बोर्ड घेतला एच६७ चा. बायोस उघडून बघते तर मल्टिप्लायर वाढवायची सोयच नाही! बेस क्लॉक, म्हणजे ते मूळ घड्याळ, ढकलावा, तर त्या पिढीत त्याच १०० मेगाहर्ट्झवर कार्डांची पीसीआय एक्स्प्रेस जोडणी, ड्राइव्हची साटा जोडणी, सगळंच टांगलेलं. चार-पाच मेगाहर्ट्झ वाढवले की मशीन हट्टाला पेटायचं. दोन्ही सोयी एकत्र देणारा झेड६८ त्याच वर्षी मे महिन्यात आला, तोवर माझा खिसा रिकामा. इंटेलचा शिरस्ता आजही तोच आहे: प्रोसेसर ‘के’चा आणि चिपसेट ‘झेड’चा. बी५६० पासून बी मालिकेत रॅमचा वेग वाढवू देतात, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही.

दुसरी आपटी एएमडीच्या बी३५० ची, आणि इथे चिपसेटचा काही दोष नव्हता. रायझन ५ १६०० ला ३.८ गीगाहर्ट्झवर नेलं. दहा मिनिटं मजेत चाललं, मग वेग धाडकन निम्म्यावर. प्रोसेसरचं तापमान मात्र ठीक! बाजूचं झाकण काढून सॉकेटशेजारी हात नेला तर तव्याजवळ नेल्यासारखी धग. कंपनीने व्हीआरएमवर हीटसिंकच बसवला नव्हता. बारा व्होल्टचे सव्वा व्होल्ट करून प्रोसेसरला पाजणारी ही मंडळी. तीच उघडी-नागडी उभी, तर चिपसेटने परवानगी देऊन उपयोग काय? त्यानंतर बोर्डाचा फोटो मी आधी सॉकेटच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यात बघते, नाव नंतर वाचते.

मग बी६५० का, त्याच पिढीतला मोठा एक्स६७० का नाही? कारण एक्स६७० म्हणजे बी६५० मधलीच चिप दोनदा, एकीच्या शेपटीला दुसरी. त्याने यूएसबी, साटा आणि एम.२ ड्राइव्हच्या जागा वाढतात. ओव्हरक्लॉकिंगला त्या दुसऱ्या चिपचा काडीचा हातभार नाही: रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात, ग्राफिक्स कार्डाच्या लेन (डेटाच्या वाटा) थेट प्रोसेसरला. वाचलेले पैसे मी दणकट व्हीआरएमच्या बोर्डात घातले. मोठ्या चिपसेटच्या नावाखाली लेचापेचा व्हीआरएम मिळाला, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडदा काळा, बोर्डावर रॅमचा पिवळा दिवा आणि बाकी सगळं ढिम्म. पाच मिनिटं मी त्या दिव्याकडे बघत होते. मेला म्हणून बटण दाबणार इतक्यात बायोस आलं. एएम५ वर, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटवर, रॅमचं ट्रेनिंग (बोर्डाने रॅमशी जुळवून घेणं) असं वेळखाऊ असतं; घाई करू नका. एक्स्पो, म्हणजे रॅमच्या जास्त वेगाची तयार सेटिंग, चालू केल्यावर ६००० पहिल्याच फटक्यात स्थिर.

हल्लीच्या रायझनमध्ये सगळे कोअर एकाच वेगाला खिळवण्यात मला राम वाटत नाही. मी पीबीओ (प्रोसेसरला स्वतःहून जास्त वेग घेऊ देणारी सोय) चालू केलं आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, जिथे कोअरचं व्होल्टेज कमी करता येतं, सगळ्या कोअरना उणे ३० दिलं. रात्रभर स्ट्रेस टेस्ट पास! सकाळी चहा घेत एक पीडीएफ वाचत होते, तर मशीन आपोआप रीस्टार्ट. गोम अशी, की पूर्ण भाराखाली वेग उतरलेला असतो. खरी परीक्षा हलक्या कामात, एकच कोअर सर्वांत उंच उडी मारतो तेव्हा. एकेक कोअर तपासत तीन संध्याकाळी गेल्या. अर्ध्या तासाच्या एक्सपोर्टमागे जेमतेम दीड मिनिट वाचलं. हसा हवं तर.

तक्रारी दोन. चिपसेट ते प्रोसेसर वाट एकच, पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या चार लेनची. चिपसेटवरच्या ड्राइव्हवरून मोठी फाइल हलवताना बाकीच्यांना वाट बघावी लागते. आणि ही नावं! पुढच्या पिढीत बी८५० ओव्हरक्लॉकिंग करू देतो, बी८४० प्रोसेसरला हातही लावू देत नाही. ए६२० चंही तेच. खोका हातात घेतलात की आकडा दोनदा वाचा.

पाचापैकी चार. बाकी पाच कोअर उणे २५ वर सुखाने नांदताहेत. चौथा मात्र उणे १२ च्या खाली यायला अजून तयार नाही.